साडेपाचशे घोडे आणि एक हळद

नवी गाडी दारात आली की तिची पहिली फेरी एकवीरा आईच्या डोंगराला. हे आमच्या घरात कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. ट्रॅक्टर आला तेव्हा ट्रॅक्टर गेला, डंपर आला तेव्हा डंपर गेला. या वेळी माझ्या नातवानं, रोशननं, विजेवर चालणारी मोटार आणली. कळंबोलीत त्याचे ट्रेलर चालतात. दिवसभर डिझेलचा धूर खाऊन त्याला बिनधुराची गाडी हवीशी वाटली असेल, असं मी आपलं चांगल्या मनानं समजते.

सून पूजेचं ताट घेऊन आली. आमच्याकडे पहिलं कुंकू इंजिनाला, मग चाकांना. रोशननं बोनेट उघडलं आणि आत काहीच नव्हतं. स्वच्छ, कोरी, रिकामी पेटी. आत सतरंजीसारखं काहीतरी अंथरलेलं.

"इंजिन मागं हाय का?" मी विचारलं.

"इंजिन नायच, आजी. दोन मोटरी हायत. खाली, चाकांजवळ. दिसत नाय."

"मग कुंकू कोनाला लावू?"

त्यानं जरा विचार केला. "पेटीला लाव."

तर पेटीला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि एवढी मोकळी जागा वाया कशाला घालवायची म्हणून मी माझी पिशवी त्यातच ठेवली. पिशवीत लग्नघरी द्यायची सुकट होती आणि सुके बोंबील. रोशनचं तोंड बघण्यासारखं झालं. "आजी, ही लग्झरी गाडी हाय गो!" मी म्हटलं, बोंबील पन चांगल्यातलंच हायत.

आता माझं काम सांगते, नाहीतर पुढची धावपळ कशासाठी ते कळायचं नाही. मी धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले गातात. आधी देवांना बोलवायचं, मग उखळाला, मुसळाला, हळद कुटणाऱ्या हातांना, मग नवरीच्या मामाला, आत्याला, एकेकाचं नाव घेऊन. एक बाई पुढे गाते आणि मागे बसलेल्या बाया तीच ओळ झेलतात. पुढे गाणारी ती धवलारीण. मला अक्षर येत नाही, हा ब्लॉग माझी नात सानिका टाइप करतेय. पण धवले सगळे तोंडात आहेत.

पोयनाडच्या पुढच्या एका गावात हिराजीच्या मुलीची हळद होती. हिराजी माझ्या मावसबहिणीचा मुलगा. ती आता नाही. आठ दिवस आधी त्याचा फोन आला.

"मावशी, डीजेवाला पोऱ्या सांगतंय, धवलं त्याच्याकडं रेकॉर्डच हायत. बटन दाबलं का झालं. घरातली पोरं पन तेच बोलतान. पन मला कसंतरी वाटतंय. तुमी याल ना?"

मी म्हटलं, येते. आमच्या आजूबाजूच्या गावांत काय झालं ते मी बघितलंय. एकदा उखळाशेजारी स्पीकर गायला, की पुढच्या लग्नाला बाईला बोलवायचं कारणच उरत नाही. आवाज मोठा, जेवायला मागत नाही, मध्येच खोकत नाही. हिराजीच्या गावात अजून एकदाही तसं झालेलं नव्हतं आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथे ते व्हायला नको होतं. बस, एवढंच. सकाळी कार्ल्याला आईचं दर्शन, दुपारी घाट उतरून खोपोली-पेण करत दिवेलागणीच्या आत हिराजीच्या दारात, असा बेत ठरला. रोशन चालवणार, सानिका व्हिडिओ काढणार, मी मागे राणीसारखी बसणार.

शनिवारी सकाळी निघालो. गाडीला कडी नाही हे मला निघतानाच कळलं. म्हणजे आहे, पण ती आत दबून बसलेली असते, रोशन जवळ आला की बाहेर येते. मी जवळ गेले तर आली नाही. घरच्या माणसांना ओळखत नाही अशी गाडी. आमचे म्हातारे ओट्यावर बसून बघत होते. त्यांना चला म्हटलं तर म्हणाले, "आवाज नाय करत त्या गाडीत मी बसनार नाय. चालू हाय का बंद, तेच कलत नाय." मी म्हटलं, तुमच्याबद्दल पण मला हल्ली तसंच वाटतं. मग मात्र त्यांनी तोंड पलीकडे केलं.

आत बसल्यावर खोटं बोलणार नाही, सुख आहे. आसन पाठ चोळतं. खालून गार वारा सोडतं, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. डोक्यावर सगळी काच, आभाळ दिसतं. समोर सुपाएवढा पडदा. त्यावरचे आकडे सानिका वाचते, मी रंग बघते. निघताना चार्जची पट्टी हिरवी होती पण भरलेली नव्हती. कारण आदल्या संध्याकाळी रोशननं अर्ध्या गावातल्या पोरांना पळस्प्यापर्यंत फिरवून आणलं होतं आणि रात्री गावातली लाइट गेली होती.

"पुरंल का रं?" मी विचारलं.

"पुरून उरंल. निम्म्याच्या वर हाय."

शेडुंगला एक्स्प्रेसवेवर चढलो. गाडी तशी अगदी शांत. इतकी शांत की शेजारच्या ट्रकचे टायर ऐकू येतात. रोशननं पडद्यावर काहीतरी दाबलं तसा आतून घुंऽऽ असा आवाज यायला लागला.

"हे काय झालं?"

"इंजिनचा आवाज हाय. स्पीकरमधून. मजा येते."

"नसलेल्या इंजिनाचा?"

"हां."

"बंद कर तो."

केला बिचाऱ्यानं.

खालापूरच्या टोलला उभे होतो. टोल आपोआप कापला जातो, फक्त खात्यात पैसे आहेत ना ते घरून बघून निघा. पुढचा रस्ता मोकळा दिसला तसा रोशन म्हणाला, "आजी, साडेपाचशे हॉर्सपॉवर हाय. बघायची?"

साडेपाचशे घोडे म्हणजे काय, ते मला डोळ्यांसमोर आणता येईना. माझा भाऊ शर्यतीचे बैल पाळायचा, किनाऱ्यावर छकडे पळवायचा. दोन बैल एकदम सुटले की वाळू डोळ्यांत जायची. इथे साडेपाचशे. मी म्हटलं, दाखव.

त्यानं पाय दाबला. काय सांगू! माझं पोट टोलनाक्यावरच राहिलं आणि बाकीची मी पुढे गेले. पाठ आसनाला चिकटली, कवळी हलली, पदर खांद्यावरून मागे. सानिका किंचाळली. आणि आवाज? काही नाही. डिझेलची गाडी आधी ओरडते, धापा टाकते, मग पळते. हिला मध्ये गिअर नाहीत. सगळं बळ पहिल्याच झेपेला हातात. एवढ्यात रोशननं पाय काढलासुद्धा, कारण वर कॅमेरे टांगलेले आहेत आणि त्यांना हॉर्सपॉवरचं कौतुक नाही.

रोशन आरशातून माझ्याकडे बघतोय. त्याला वाटलं, आता बसतात शिव्या.

मी कवळी सारखी केली आणि म्हटलं, "परत कर."

पुढे जे झालं त्याबद्दल घरात सगळे रोशनला बोलतात. म्हणून हे इथे नीट लिहून ठेव म्हटलं सानिकाला, परत कर असं म्हणणारी मी होते. मागे-पुढे कुणी नाही असं बघून त्यानं परत केलं, आणि मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी पट्टी थोडी आखडली. ते माझ्या लक्षात आलं होतं. पण इतक्या वर्षांत पोटात गुदगुल्या होतील असं दुसरं काही घडलेलं नाही हो.

घाटात मात्र सगळ्यांच्या मागे सरळ. लोणावळ्याच्या पुढे हायवे सोडला आणि कार्ल्याच्या फाट्यापाशी वडापाव खाल्ला. गरम होता, चटणी झणझणीत. गाडीत बसून खायला रोशननं मनाई केली, आसनं पांढरी आहेत म्हणून. रस्त्याकडेला उभं राहून खाल्ला, बरंच झालं, वडा उभ्यानंच चांगला लागतो. फाट्यापासून गावातला रस्ता अरुंद आणि गतिरोधक उंच. असली बसकी गाडी असेल तर जपून जा. पहिल्या गतिरोधकाला पोट घासलं आणि आवाज रोशनच्या काळजातून आला. मग त्यानं बटण दाबलं आणि गाडी जागच्या जागी उठून वर झाली, म्हैस उठते तशी. हे मला फार आवडलं.

अर्ध्या डोंगरापर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्या. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी सकाळी लवकर जावं, ऊन चढलं की दगड तापतात. मी थांबत थांबत चढले. आईपुढे ओटी ठेवली. गाडीसाठी रोशननं मागितलं, परीक्षेसाठी सानिकानं मागितलं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत आवाज नीट ठेव, बाकी मी बघते.

खाली आलो तर गाडीभोवती पोरांचा गराडा. सगळी आपलीच, कुणी उरणची, कुणी भिवंडीकडची, कपाळाला भंडारा लावलेली.

"दादा, किती पावर?"

"शून्य ते शंभर किती सेकंदात?"

"आमाला दाखव ना येकदा!"

रोशननं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्यानं दोघांना घेऊन खालच्या सरळ रस्त्यावर एक चक्कर मारली, मग दुसऱ्या दोघांना. परत आला तेव्हा पट्टी पिवळी झाली होती.

"आता निघा," मी म्हटलं.

परतीला खंडाळ्यावरून जुन्या रस्त्यानं खोपोलीत उतरलो. या उताराची एक गंमत सांगते. पायानं ब्रेक न मारता नुसता पाय सैल सोडला की गाडी स्वतःला आवरते आणि आवरता आवरता चार्ज भरून घेते. सानिका आकडा वाचत होती आणि तो वाढत होता! उतारावर चरत जाणारे घोडे, मला भारीच वाटलं. मी म्हटलं, असाच उतार हिराजीच्या दारापर्यंत असता तर किती बरं. पण खोपोलीला उतार संपला आणि चरणंही.

पेणचा रस्ता तसा चांगला आहे, मध्ये मध्ये कामं चालू, धूळ फार. रोशनचे आता दोन्ही हात स्टेअरिंगवर, वेग रिक्षाचा. मग त्यानं एसी बंद केला. मग माझ्या पाठीचं चोळणं बंद झालं.

"रोशन."

"हं."

"घोडे किती उरले?"

"घोडे तेवढेच हायत गो आजी. चारा संपत आलाय."

पट्टी लाल झाली होती. पेणला चार्जिंगचं मशीन होतं, फोनमध्ये दिसत होतं. गेलो तर मशीन उभं, पडदा काळा. शेजारचा पानवाला म्हणाला, "दोन दिवस झालं, बंद हाय." पुढचं वडखळच्या अलीकडे, एका हॉटेलच्या आवारात. तिथे कसेबसे पोचलो तर मशीन चालू, पण दुसरी एक गाडी आधीच लावलेली आणि मालक गायब. सानिकानं हॉटेलात जाऊन मोठ्यानं विचारलं, "ती निळी गाडी कोणाची?" एक पुण्याचे गृहस्थ थाळीवरून उठले, हात धुऊन धावत आले.

"माफ करा हां, सोलकढी यायची राहिली होती."

मी म्हटलं, "येऊ द्या की. सोलकढी सोडू नये." पण त्यांनी वायर काढून दिली, भला माणूस. आमची गाडी लावली. रोशननं पडदा बघितला. "पाऊन तास तरी जाईल."

बाहेर रस्ता बघितला तर अलिबागला जाणाऱ्या गाड्यांची रांग, शेपूट दिसत नव्हतं. सगळी मुंबई-पुण्याची माणसं समुद्र बघायला निघालेली. हे मात्र लक्षात ठेवा, शनिवारी दुपारनंतर वडखळ-पोयनाडच्या रस्त्याला लागू नका. रोशन रिक्षा बघायला धावला आणि तसाच परत आला. रिक्षावाले म्हणाले, रांगेत अडकून पडायला कोण येतंय.

तेवढ्यात हिराजीचा फोन.

"मावशी, कुठवर आल्या?"

"वडखळला. घोडे चाऱ्याला थांबलेत."

"कं?"

"गाडी चार्जला लावलेय रं."

"मावशी, लय गडबड झाली. पोलीस सांगून गेले, दहाच्या आत डीजे बंद. म्हनून सगळं लवकर घेतलंय. बाया बसल्यान, उखळ मांडलाय. डीजेवाला विचारतंय, लावू का रेकॉर्ड?"

मागून तो डीजे धडधडत होता.

"दहा मिन्टं थांब," मी म्हटलं.

"दहा मिन्टांत येताव?"

रोशननं फोन माझ्या हातातून घेतला. "काका, आजी फोनवरून गाईल. तुमी फोन डीजेला जोडा." मग माझ्याकडे वळून, डोळे चमकवत, "आजी, आपल्या गाडीत माईक हाय, काचा लावल्या का बाहेरचा येक आवाज आत येत नाय. स्टुडिओ हाय गो हा! तू इथं बसून गा, तिकडं मांडवात ऐकू जाईल."

त्याचा जीव खालीवर होत होता, मला कळत होतं. आपल्या गाडीनं आजीला उशीर केला, आता गाडीनंच ते भरून काढावं. मी आत बसले. सानिकानं काचा वर केल्या. बाहेरचा रस्ता, हॉर्न, हॉटेलातल्या ताटल्या, सगळं मिटलं. घसा साफ केला. पडद्यावर हिराजीचं नाव असावं, हिरवं बटण पेटलेलं.

आणि मला सुरुवातच करता येईना.

धवला हातांकडे बघून गातात. उखळात हळद किती पडली, मुसळ कोणी धरलंय, दमली का ती, दुसरीनं हात लावला का. ती दमली तर ओळ लांबवायची, हसू आणायचं. आत्या रुसून मागे बसली असेल तर तिचं नाव आधी घ्यायचं. मला तिथलं काही दिसत नव्हतं. मला दिसत होता सुपाएवढा पडदा. आणि हिराजीच्या मांडवात बायांना काय दिसलं असतं? स्पीकरच. आतला आवाज बटणाचा की म्हातारीचा, पुढच्या लग्नापर्यंत कोण लक्षात ठेवतंय?

मी म्हटलं, "हिराजी, कमळला फोन दे."

कमळ म्हणजे हिराजीची भावजय. इतकी वर्षं त्या बाजूचं कुठलंही लग्न असो, माझ्या मागे बसून ओळ झेलणारी पहिली तीच. गोड गळा, पण पुढे कधी आली नाही. पुढे ये म्हटलं की खांबाआड जायची.

"आये, कुठं हाव तुमी?" तिचा आवाज आधीच रडका.

"कमळ, आज तू पुढं बस."

"मी? नाय गो आये! मला नाय जमाचा."

"इतकी वर्सं माझ्या मागं बसून माझ्या वळी गिळल्यास, त्या काय पोटात जिरवायला?"

"मागं बसून वेगलं असतंय."

"हां, वेगलं असतंय. मागं बसलं का चुकलं तरी नाव माझंच जातंय. आज तुझं जाईल. बस पुढं."

ती हळूच म्हणाली, "पयला देव कोन घ्याचा?"

मला हसू आलं. जमाचा नाय म्हणणारी बाई देव विचारत नाही. "गावदेव. मग आई. मग उखळ."

"आनि मधीच इसरले तं?"

"इसरलीस तर नवरीच्या आत्याचं नाव घे. ती खूश होते, मागच्या बाया हसतात, तवर तुला पुढलं आठवंल. मी तेच करत आलेय."

"खरं सांगताव?"

"आईच्यान. आता ठेव फोन."

आणि मी सानिकाला खुणेनं फोन बंद करायला लावला. सानिका म्हणाली, "अगं, चालू ठेवला असता तर ऐकू तरी आलं असतं!" मी म्हटलं, मी फोनात आहे हे कळलं की ती दर ओळीला मला विचारेल. म्हणून पुढे तिथे काय झालं, कमळ बसली की पुन्हा खांबाआड गेली, डीजेवाल्यानं बटण दाबलं की नाही, आम्हाला काही माहीत नव्हतं. त्या पाऊण तासात मी त्या हॉटेलात चहा प्यायले. चहा बरा होता, वीस रुपयांना घोटभरच. चार्जिंगला लागतात त्यापेक्षा चहाला जास्त लागतात असं रोशन म्हणाला, पण त्या दिवशी त्याच्या कुठल्याच हिशोबावर माझा विश्वास नव्हता.

पट्टी हिरवी व्हायला लागली तसे निघालो. आणि रांगेत शिरलो. आमच्या पुढे बँजोवाल्यांचा टेम्पो, आत पोरं आपापली वाद्यं मांडीवर घेऊन पेंगत होती. साडेपाचशे घोडे त्या टेम्पोच्या मागे गोगलगायीसारखे. रोशन दोनदा बाजूनं काढायला गेला.

"राहू दे," मी म्हटलं.

"उशीर होतंय ना."

"व्हायचा तो होऊन गेला. आता धडका देऊन काय?"

तो पुन्हा टेम्पोच्या मागे आला आणि म्हणाला, "सॉरी, आजी." मी म्हटलं, "परत कर कोण म्हणालं होतं?" मग तो हसला. खोपोलीपासून पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले.

पोयनाड मागे पडलं, गावात वळलो. काचा खाली करायला लावल्या. आणि धडाड धडाड डीजे! छाती हलवणारा. मी डोळे मिटून घेतले. गेलं, म्हटलं.

"आजी, हा हिराजी काकाचा मांडव नाय," रोशन म्हणाला. "हा दुसऱ्या आळीचा. आज गावात दोन हळदी दिसतान."

गाडी आणखी पुढे गेली. विजेची माळ, मांडव, पिवळ्या साड्या. तिथला डीजे बंद होता. डीजेवाला पोऱ्या आपल्या खोक्यांना टेकून मोबाइल बघत उभा. आणि आतून बायांचा आवाज. एक बाई पुढे, बाकीच्या मागे. पुढची बाई कमळ.

आता खरं सांगायचं तर चुकत होती. आई आधी, गावदेव नंतर. मुसळ दोनदा आलं. चाल माझ्यापेक्षा संथ, जरा रडवी. पण हळद कुटली जात होती आणि मुसळ तिच्या ओळीवर पडत होतं. मी मांडवाच्या कडेला उभी राहून ऐकलं. तेवढ्यात ती अडकली, मला बरोबर कळलं, पुढचं विसरली. आत्याचं नाव घेईल म्हणून मी वाट बघते, तर हिनं काय घेतलं? धवलारीण निघालेय मोटारीनं, तिचे घोडे वडखळला चाऱ्याला थांबलेत! बाया खो खो हसायला लागल्या, मुसळ धरलेल्या पोरीचे हात ढिले पडले, आणि हसू ओसरेपर्यंत कमळनं पुढची ओळ पकडली. ती ओळ मी तिला शिकवलेली नाही. ती कुणीच तिला शिकवलेली नाही.

मी मागच्या रांगेत एका पोरीला सरकायला सांगून बसले आणि कमळनं पुढची ओळ सोडली तशी बायांबरोबर झेलली. माझा आवाज तिला ओळखू आला. ती वळली, उठायलाच लागली. मी हातानंच दटावलं, बस खाली. हिराजी पुढे जागा करायला धावत आला, "मावशी, या ना, पुढं या." मी म्हटलं, "हिराजी, मधी बोलू नको. धवला चाललाय."

मागे बसून गायला मला किती वर्षांनी मिळालं. दम कमी लागतो. शेजारणीशी मध्ये दोन शब्द बोलता येतात. नवरीचं तोंडही नीट दिसतं. पुढे बसणारीला नवरी दिसत नाही, तिला फक्त हात दिसतात. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

रात्री तिथेच राहिलो. सकाळी मटणाचं उरलेलं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन निघालो. सुक्या बोंबलांचं कौतुक झालं. गाडीच्या पेटीतला वास अजून गेलेला नाही, रोशन दर दोन दिवसांनी कापूर ठेवतो. परतीला वडखळच्या त्याच हॉटेलात आधी पट्टी भरून घेतली आणि मग पेण मार्गे हळूहळू पळस्प्याला आलो. ज्यांना अशी गाडी घेऊन या बाजूला फिरायचंय त्यांना रोशनचा सल्ला आहे की घरून पूर्ण भरून निघा, एका मशीनच्या भरवशावर राहू नका आणि घाटाआधी ताकद दाखवत बसू नका. माझा सल्ला एवढाच की टोलनंतर एकदा दाखवा. एकदाच.

घरी म्हातारे ओट्यावरच होते, जणू आम्ही गेल्यापासून हललेच नाहीत.

"कशी हाय गाडी?"

"पळते झकास," मी म्हटलं. "पोचते तिच्या येलेला."

मागच्या आठवड्यात हिराजीच्या शेजारच्या गावातून फोन आला. मुलीचं लग्न धरलंय. मी मनात तारीख मोजायला लागले, तर पलीकडची बाई म्हणाली, "आये, राग नका धरू. आमाला कमळबायला बोलवायचाय. ती मोटारीचा गाते ना, तो पोरींना लय आवडलाय. तिचा नंबर द्याल का?"

सानिका माझ्याकडे बघत होती. राग आला का, तर आला, चिमूटभर. भाजीत हिंग घालतात तेवढा.

मग म्हटलं, "नंबर देते. आनि तिला सांगा, मागं झेलायला येक बाई येनार हाय. तिचा आवाज जुना हाय, पन ती जेवते कमी."